डेव्हिड लो यांचे जीवन आणि राजकीय व्यंगचित्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेव्हिड लो कोण होते?

डेव्हिड लो (७ एप्रिल १८९१ – १९ सप्टेंबर १९६३) हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आणि आयुष्याचा मोठा भाग लंडनमध्ये काम केलेले राजकीय व्यंगचित्रकार होते. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत युरोप ज्या उतारावरून घसरत गेला, त्या उताराची नोंद लंडनच्या एका सायंदैनिकात आठवड्यातून चार वेळा चित्रांतून करणारा माणूस, ही त्यांची मुख्य ओळख आहे. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी सुमारे १४,००० चित्रे काढली असावीत असा अंदाज केला जातो आणि त्यांची चित्रे जगभरातील अनेक वृत्तपत्रे पुनर्मुद्रित करीत असत.

हिटलर आणि मुसोलिनी यांच्यावर व्यंगचित्रे काढणारे त्या काळात पुष्कळ होते. लो यांचे वेगळेपण असे की, हुकूमशहाला नेमके काय सलते याचा त्यांनी शांतपणे विचार केला होता आणि त्या विचाराबरहुकूम ते वर्षानुवर्षे चित्रे काढत राहिले. या पृष्ठावरील बरीचशी उत्तरे फिरून त्याच मुद्द्याशी येतात, कारण लो समजून घ्यायचे तर तो मुद्दा टाळता येत नाही.

त्यांचे बालपण कसे गेले आणि चित्रकला ते कोठे शिकले?

त्यांचा जन्म ड्युनेडिन येथे झाला आणि पुढे कुटुंब क्राइस्टचर्चला राहावयास गेले. थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर, अतिअभ्यासामुळेच तो दगावला अशी समजूत आईवडिलांनी करून घेतली आणि डेव्हिडला शाळेतून काढले. औपचारिक शिक्षण अशा रीतीने लवकर संपले. मुलाच्या हाती मोकळा वेळ आला आणि तो त्याने इंग्लंडहून येणारी चित्रमय नियतकालिके पाहण्यात व त्यांतील चित्रे गिरवण्यात घालवला. ‘पंच’ साप्ताहिकातील चार्ल्स कीन आणि फिल मे यांची चित्रे हीच त्यांची खरी शाळा ठरली. त्यातही फिल मे यांच्याकडून त्यांनी जे घेतले ते कायम टिकले : दहा रेषांचे काम तीन रेषांत होत असेल, तर उरलेल्या सात रेषा पुसून टाकायच्या.

वयाच्या अकराव्या वर्षी, १९०२ मध्ये, तीन चौकटींची त्यांची एक चित्रमालिका ‘बिग बजेट’ या ब्रिटिश नियतकालिकात छापून आली. पुढे क्राइस्टचर्चमधील स्थानिक पत्रांसाठी ते काम करू लागले आणि विशीत पोहोचेपर्यंत राजकीय व्यंगचित्र हाच त्यांचा व्यवसाय झाला होता.

ऑस्ट्रेलियातील वर्षांना त्यांच्या चरित्रात इतके महत्त्व का दिले जाते?

१९११ मध्ये ते ‘बुलेटिन’ या सिडनीच्या गाजलेल्या साप्ताहिकात रुजू झाले. हे साप्ताहिक चित्रकारांना मान देणारे होते. एकेकाळी फिल मे यांनीही तेथेच काम केले होते. सत्तेवर असलेल्या एका माणसाचा सातत्याने पाठलाग कसा करायचा, हे लो तेथे शिकले. तो माणूस म्हणजे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान विल्यम मॉरिस ऊर्फ बिली ह्यूज. ठेंगणे, किडकिडीत, सतत आवाज चढवणारे ह्यूज हे व्यंगचित्रकाराच्या दृष्टीने घबाडच होते.

१९१६ मधील ‘इम्पीरियल कॉन्फरन्स’ या चित्राने लो यांचे नाव ऑस्ट्रेलियाभर झाले. लंडनच्या बैठकीत ह्यूज टेबलाशी आकांडतांडव करीत आहेत, कागदपत्रे उधळली आहेत, सगळे मुत्सद्दी भेदरले आहेत आणि ब्रिटिश पंतप्रधान ॲस्क्विथ हे लॉइड जॉर्ज यांना सुचवतात की, डेव्हिड, तुम्ही जरा त्यांच्याशी वेल्श भाषेत बोला आणि त्यांना शांत करा. ह्यूज आणि लॉइड जॉर्ज दोघेही वेल्श वंशाचे होते, हे माहीत असले की विनोद पूर्ण उलगडतो. ह्यूज यांच्यावरील चित्रांचे ‘बिली बुक’ हे पुस्तक १९१८ मध्ये निघाले. लो यांनी त्याच्या प्रती इंग्लंडमधील मान्यवरांना पाठवल्या आणि त्यांतूनच पुढचा मार्ग निघाला.

लंडनमध्ये ते कसे पोहोचले?

कादंबरीकार आर्नल्ड बेनेट यांना ती चित्रे आवडली आणि अशा माणसाला कोणी तरी इंग्लंडमध्ये आणावे असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. ‘स्टार’ या उदारमतवादी सायंदैनिकाचे मालक असलेल्या कॅडबरी कुटुंबाने ते मनावर घेतले आणि १९१९ मध्ये लो लंडनला आले. पुढच्याच वर्षी मॅडलिन केनिंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या.

‘स्टार’मधील त्यांची सर्वांत लोकप्रिय निर्मिती म्हणजे दोन तोंडांचे गाढव. लॉइड जॉर्ज यांच्या नेतृत्वाखाली उदारमतवादी आणि हुजूर पक्षाचे लोक एकत्र येऊन जे संमिश्र सरकार चालवीत होते, त्याचे हे प्रतीक होते. दोन्ही टोकांना डोके असलेल्या गाढवाला कोणत्याही एका दिशेने निघणे कसे शक्य व्हावे?

विरुद्ध मताच्या मालकाच्या वृत्तपत्रात त्यांनी काम का स्वीकारले?

१९२७ मध्ये लो ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये गेले. या वृत्तपत्राचे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक हे हुजूर पक्षाचे, साम्राज्याचे कट्टर पुरस्कर्ते होते. लो डावीकडे झुकलेले, कामगारांविषयी आस्था असलेले, कोणत्याही पक्षाचा बिल्ला न लावणारे उदारमतवादी होते. बीव्हरब्रुक काही वर्षे त्यांच्या मागे लागले होते आणि लो नकार देत होते. अखेर ते राजी झाले, ते विषयाच्या निवडीचे आणि मांडणीचे पूर्ण स्वातंत्र्य करारात लिहून घेऊनच.

हा करार पत्रकारितेच्या इतिहासात जपून ठेवण्यासारखा दस्तऐवज आहे, असे मला वाटते. एरवी व्यंगचित्रकार हा संपादकीय धोरणाला चित्ररूप देणारा नोकर मानला जाई. अग्रलेखात जे लिहिले असेल तेच चित्रातही दिसावे, ही अपेक्षा असे. ‘इव्हनिंग स्टँडर्ड’च्या वाचकाला मात्र एकाच अंकात अग्रलेखात एक मत आणि व्यंगचित्रात नेमके त्याच्या उलट मत वाचावयास मिळू लागले. वाचकांची संतप्त पत्रे येत, हुजूर पक्षाचे पुढारी मालकाकडे तक्रारी घेऊन जात आणि बीव्हरब्रुक ती पत्रे व तक्रारी पचवीत. लो यांनी खुद्द मालकालाही सोडले नाही. भलेमोठे हसू असलेला बुटका बीव्हरब्रुक त्यांच्या चित्रांत वारंवार दिसतो, आणि तोही बीव्हरब्रुक यांच्याच वृत्तपत्रात.

यामागे मालकाचा उदारपणा किती आणि खपाचा हिशेब किती, हा प्रश्न विचारला जातो. दोन्ही असणार. लो यांच्यासाठी अंक विकत घेणारा वाचक होता, हे बीव्हरब्रुक जाणून होते. परंतु नुसत्या हिशेबाने माणूस २३ वर्षे स्वतःच्या मतांची टिंगल स्वतःच्या पैशाने छापत नाही. जर्मनीशी नमते घेण्याच्या धोरणाला बीव्हरब्रुक यांचा पाठिंबा होता आणि लो त्या धोरणाचे रोज वाभाडे काढत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कराराची किंमत कळते.

कर्नल ब्लिंप ही व्यक्तिरेखा कोठून आली?

कर्नल ब्लिंप एप्रिल १९३४ मध्ये ‘लोज टॉपिकल बजेट’ या त्यांच्या साप्ताहिक सदरात प्रथम अवतरला. टक्कल पडलेला, ढेरपोट्या, समुद्रसिंहासारख्या लोंबत्या मिशांचा हा निवृत्त लष्करी अधिकारी तुर्की पद्धतीच्या स्नानगृहात टॉवेल गुंडाळून उभा असतो आणि शेजारी उभ्या असलेल्या छोट्याशा लो यांना राजकारणावरची आपली मते ऐकवीत असतो.

लो यांनी स्वतः सांगितलेली जन्मकथा अशी : घोडदळाचे यांत्रिकीकरण होऊन घोड्यांच्या जागी रणगाडे आले, तरी जवानांचा गणवेश आणि टाचेच्या लोखंडी आरा कायम राहाव्यात, असा आग्रह धरणारे एका कर्नलचे पत्र त्यांनी वृत्तपत्रात वाचले. त्याच सुमारास स्नानगृहात घामाने लाल झालेले दोन गृहस्थ जगाच्या घडामोडींवर अधिकारवाणीने बोलताना त्यांच्या कानी पडले. दोन्ही गोष्टी जुळल्या आणि ब्लिंप तयार झाला. ‘ब्लिंप’ हा शब्द मुळात हवा भरलेल्या सांगाडाविरहित विमानफुग्याचा. फुगलेल्या माणसाला तो चपखल बसला.

ब्लिंपच्या बोलण्याची एक ठरलेली घडण होती. वाक्याची सुरुवात कोणा लॉर्डचे म्हणणे अगदी बरोबर आहे अशा ठाम सुरात होई आणि वाक्य पुरे होईपर्यंत उत्तरार्ध पूर्वार्धाचा गळा घोटून मोकळा झालेला असे, तरी बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नसे. लो यांना लष्कराची किंवा म्हाताऱ्यांची चेष्टा करावयाची नव्हती. दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच श्वासात, पूर्ण आत्मविश्वासाने बोलणारी बुद्धी हे त्यांचे लक्ष्य होते आणि अशी बुद्धी कोणत्याही वयात, कोणत्याही पक्षात सापडते. म्हणूनच हा शब्द पुढे इंग्रजी शब्दकोशांत गेला. १९४३ मध्ये या व्यक्तिरेखेच्या नावाने पॉवेल आणि प्रेसबर्गर यांनी चित्रपट काढला, तेव्हा युद्धकाळात सैन्याची प्रतिमा डागाळेल या भीतीने चर्चिल यांनी तो थांबवण्याचा प्रयत्न केला होता. पडद्यावरचा कर्नल मात्र लो यांच्या कर्नलपेक्षा पुष्कळच सहृदय निघाला.

त्यांनी आणखी कोणती प्रतीके रूढ केली?

ट्रेड युनियन काँग्रेस या ब्रिटिश कामगार संघटनांच्या महासंघासाठी त्यांनी ओझी ओढणारा मोठा घोडा योजला. ताकदवान, प्रामाणिक, मंद आणि हलवला तरच हलणारा. ‘जोन बुल’ ही तरुणी आणि ‘मुसोलिनी’ नावाचा कुत्रा हीही त्यांचीच निर्मिती. इटालियन दूतावासाने हरकत घेतल्यावर कुत्र्याचे नाव ‘मुसो’ असे आखूड करण्यात आले.

हिटलर आणि गोबेल्स त्यांच्या चित्रांनी इतके का चिडत?

हा या पृष्ठावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

त्या काळचे बहुतेक व्यंगचित्रकार हिटलरला राक्षस म्हणून रंगवीत. रक्ताने माखलेले हात, पायाखाली कवट्यांचा ढीग, आभाळाला टेकलेली काळी आकृती. हेतू निषेधाचा असे. लो यांचे म्हणणे असे होते की, अशा चित्रांनी कोणत्याही हुकूमशहाची काडीमात्र अडचण होत नाही. आपण भयंकर आहोत, जग आपल्याला घाबरते, हेच तर त्याला पसरवायचे असते आणि विरोधकाचा कुंचला ते काम फुकट करून देतो. पाहणारा दबतो आणि दबलेला माणूस लढण्याऐवजी तडजोडीचा विचार करू लागतो. याउलट हा मनुष्य मूर्ख आहे, पोकळ आहे, हास्यास्पद आहे ही कल्पना एकदा पसरली की, ज्या भीतीवर त्याची सत्ता उभी असते तिलाच तडा जातो.

त्यामुळे लो यांचा हिटलर राक्षस नाही. तो एक ठेंगणा, रुसका, स्वतःवर खूश असलेला, नको तितका गंभीर माणूस आहे. मुसोलिनी जबडा पुढे काढून छाती फुगवणारा बढाईखोर आहे. १९३७ मध्ये तर ‘हिट अँड मस’ या नावाने या दोघांची जोडगोळी त्यांनी चित्रमालिकेत आणली. विनोदी नाटकातल्या जोडीप्रमाणे एक गोंधळ घालतो आणि दुसरा तो वाढवतो. स्वतःच्या प्रतिमेवर सारे उभारलेल्या राजवटीला हे सहन होणे शक्यच नव्हते. लो यांची चित्रे छापणाऱ्या वृत्तपत्रावर जर्मनीत आणि इटलीत बंदी आली. ब्रिटन जिंकल्यावर तत्काळ अटक करावयाच्या व्यक्तींची जी यादी जर्मन गुप्त पोलिसांनी तयार केली होती आणि जी १९४५ मध्ये उघड झाली, तिच्यात राजकीय पुढारी, विचारवंत व लेखक यांच्याबरोबर डेव्हिड लो यांचेही नाव आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. हुकूमशहाला हास्यास्पद दाखवणे म्हणजे त्याच्या अत्याचारांना हलके लेखणे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो वरवर पटण्यासारखा आहे. परंतु लो यांची त्या वर्षांतील चित्रे ओळीने पाहिली तर हा आक्षेप टिकत नाही. हुकूमशहा हास्यास्पद असतो, त्याचे बळी कधीच नसतात. चीन, ॲबिसिनिया (आजचे इथिओपिया), स्पेन, निर्वासित ज्यू यांची चित्रे काढताना त्यांच्या रेषेतला खोडकरपणा पूर्णपणे नाहीसा होतो.

ब्रिटिश सरकारच्या दबावापुढे लो झुकले होते का?

काही काळ, होय. चरित्रातील हा भाग अनेकदा घाईने उरकला जातो आणि तसे करू नये असे मला वाटते.

नोव्हेंबर १९३७ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले असता, ब्रिटिश वृत्तपत्रांतील टीकेमुळे आणि त्यातही लो यांच्या चित्रांमुळे दोन्ही देशांच्या संबंधांत बाधा येत आहे, अशी तक्रार हिटलरचे प्रचारमंत्री गोबेल्स यांनी त्यांच्याकडे केली. मायदेशी परतल्यावर हॅलिफॅक्स यांनी आधी वृत्तपत्राच्या व्यवस्थापकांशी आणि मग प्रत्यक्ष लो यांच्याशी बोलणी केली. हुकूम नव्हता, धमकी नव्हती. शांततेचा प्रयत्न चालू आहे आणि तुमच्या चित्रांमुळे तो अवघड होतो आहे, एवढेच सांगण्यात आले. सभ्य शब्दांत केलेली विनंती नाकारणे धमकी नाकारण्यापेक्षा कठीण असते. आपल्या एका चित्रामुळे युद्ध ओढवू शकते असे परराष्ट्र व्यवहारातील जबाबदार माणूस सांगत असताना व्यंगचित्रकाराने काय करावे?

लो यांनी हात आखडता घेतला. हिटलर आणि मुसोलिनी यांना नावानिशी काढणे त्यांनी थांबवले. त्यांच्याऐवजी ‘मझलर’ नावाचा एक हुकूमशहा आला. त्याच्या चेहऱ्यात दोघांचीही लक्षणे एकत्र मिसळलेली होती आणि इंग्रजीत त्या नावाचा अर्थ तोंडाला मुसके बांधणारा असाही होतो. म्हणजे विनंती मान्य करतानाच, आपल्याला गप्प केले जात आहे हे त्यांनी वाचकांना सांगून टाकले. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि तेव्हा हा संयम संपला. हिटलर आपल्या खऱ्या चेहऱ्याने त्यांच्या चित्रांत परतला. काही महिन्यांची ही माघार लो यांच्या धैर्याला कमीपणा आणते असे मी मानत नाही, परंतु ती माघार होती हे नमूद केलेच पाहिजे.

‘रॉन्देव्हू’ हे चित्र इतके प्रसिद्ध का आहे? ते कसे वाचावे?

२० सप्टेंबर १९३९ रोजी हे चित्र छापून आले. त्याआधी २३ ऑगस्टला जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला होता, १ सप्टेंबरला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला रशियाचे सैन्य पूर्वेकडून आत शिरले. दोन वैरी एका देशाच्या मध्यावर एकमेकांना भेटणार होते.

चित्रात नेमकी तीच भेट आहे. काळवंडलेल्या आभाळाखाली, उद्ध्वस्त भूमीवर हिटलर आणि स्टालिन समोरासमोर आले आहेत. दोघांनीही टोपी काढून कमरेत वाकून एकमेकांना अदबीने अभिवादन केले आहे. हिटलर विचारतो, आपणच ना ते पृथ्वीतलावरचे गाळसाळ? स्टालिन उलट विचारतो, आणि कामगारांचे खुनी ते आपणच ना? दोघांच्या मध्ये जमिनीवर एक प्रेत पडले आहे.

या चित्रातील सगळी करामत शिष्टाचारात आहे. दोघे एकमेकांना वर्षानुवर्षे ज्या शिव्या देत आले, त्याच शिव्या लो यांनी आदरार्थी संबोधन म्हणून त्यांच्या तोंडी घातल्या आहेत. शब्द बदललेले नाहीत, फक्त सूर बदलला आहे, आणि त्या बदललेल्या सुरात संपूर्ण करारातील दांभिकता उघडी पडते. प्रेताकडे दोघांपैकी एकाचेही लक्ष नाही. पाहणाऱ्याची नजर मात्र आधी त्या दोन वाकलेल्या आकृतींवर जाते, मग संवाद वाचते आणि शेवटी खाली उतरते. हसू येता येता थांबते, ते तेथे. मला विचाराल तर जगात आजवर निघालेल्या राजकीय व्यंगचित्रांत यापेक्षा काटेकोर रचनेचे चित्र क्वचितच सापडेल.

त्याआधीच्या वर्षांतील कोणती चित्रे पाहावीत?

१९३३ चे ‘द डोअरमॅट’ अवश्य पाहावे. मांचुरिया बळकावणारा जपानी लष्करी अधिकारी राष्ट्रसंघाला पायपुसण्याप्रमाणे तुडवीत दारातून आत शिरतो. जुलै १९३६ च्या चित्रात ‘लोकशाहीचे कणाहीन नेते’ ओणवे होऊन पायऱ्यांप्रमाणे रांगेत उभे आहेत आणि हिटलर त्यांच्या पाठींवरून ताठ पावले टाकीत वर चालला आहे. पहिल्या पायरीवर पुनःशस्त्रीकरण लिहिले आहे, दुसरीवर ऱ्हाइनलँड, पुढची डान्झिग. या चित्रात हिटलरपेक्षा पाठ देणाऱ्यांवरच लो यांचा राग अधिक आहे. ३० सप्टेंबर १९३८ चे म्यूनिक परिषदेवरील चित्रही महत्त्वाचे. हिटलर, मुसोलिनी, ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए हे चौघे बसले आहेत आणि दारातून आलेला स्टालिन विचारतो की, माझ्यासाठी खुर्ची नाही का? वर्षभराच्या आत त्याने आपली खुर्ची दुसरीकडे मांडली.

१९४० च्या चित्रांचा सूर वेगळा का वाटतो?

कारण तोवर चेष्टेचा विषय असलेला देश स्वतःच संकटात सापडला होता. १४ मे १९४० च्या चित्रात चर्चिल बाह्या सरसावून पुढे चालले आहेत आणि त्यांच्याबरोबर मजूर पक्षाचे ॲटली व बेव्हिन, तसेच लो यांनी ज्यांची वर्षानुवर्षे खिल्ली उडवली ते चेंबरलेनसुद्धा बाह्या सरसावीत निघाले आहेत. मागे माणसांची रांगच रांग आहे. १७ जूनला फ्रान्सने शस्त्रसंधीची मागणी केली आणि दुसऱ्या दिवशी, १८ जूनला, लो यांचे ‘व्हेरी वेल, अलोन’ प्रसिद्ध झाले. खवळलेल्या समुद्राकाठी खडकावर एक ब्रिटिश सैनिक उभा आहे, आभाळातून विमाने येत आहेत आणि त्याने मूठ उगारली आहे. ठीक आहे, तर मग एकट्याने. यात विनोद नाही, कोणाची खिल्ली नाही. विनोद बाजूला ठेवण्याची वेळ कोणती हे ओळखणे हाही या कलेचा भाग आहे.

चर्चिल यांचे लो यांच्याविषयी काय मत होते?

लो यांनी चर्चिल यांना अनेक वर्षे झोडपले होते, विशेषतः साम्राज्याविषयीच्या त्यांच्या मतांवरून. तरीही १९३० च्या दशकाच्या आरंभी व्यंगचित्रकारांवर लिहिलेल्या लेखात चर्चिल यांनी आधुनिक व्यंगचित्रकारांत लो यांना सर्वश्रेष्ठ ठरवले.

ते प्रत्यक्ष चित्र कसे काढत?

त्यांचे मुख्य साधन कुंचला आणि काळी शाई हे होते. वृत्तपत्राच्या त्या काळच्या छपाईत चित्राचा ठसा रेषांचा असे. त्यात काळे आणि पांढरे एवढेच उमटे, मधली करडी छटा थेट उमटत नसे. ज्याला छाया हवी त्याने आडव्याउभ्या रेषांचे जाळे विणावे, ही एकोणिसाव्या शतकातील रीत होती आणि त्यामुळे चित्र भरगच्च होई. लो यांनी जाड, वाहत्या रेषा आणि मोठे भरीव काळे भाग यांची सांगड घातली व बाकीचा कागद मोकळा सोडला. स्वस्त कागदावर, घाईच्या छपाईतही त्यांचे चित्र हाताएवढ्या अंतरावरून स्पष्ट दिसते, ते त्यामुळे.

रेषा सहज पडल्यासारखी दिसते, पण काम सोपे नव्हते. दिवसाचा मोठा भाग कल्पना शोधण्यात जाई. बातमी तर वाचकाला ठाऊकच असते, तेव्हा तिच्यातील विसंगती एका दृश्यात कशी बसवायची हा खरा प्रश्न असे. अर्कचित्र आणि व्यंगचित्र यांतील भेदही येथे ध्यानात घ्यावा. अर्कचित्रात व्यक्तीचा चेहरा व स्वभाव पकडायचा असतो, राजकीय व्यंगचित्रात त्या व्यक्तीला एखाद्या प्रसंगात ठेवून मत मांडायचे असते. लो यांचा दोन्हींत हातखंडा होता. ज्याचे चित्र काढावयाचे त्याला प्रत्यक्ष पाहावे, बोलताना, चालताना, खुर्चीत बसताना निरखावे, अशी त्यांची सवय होती. नुसत्या छायाचित्रावरून नाक-डोळे मिळतात, माणूस खांदे कसे उडवतो हे मिळत नाही.

व्यंगचित्रांनी सरकारचे धोरण बदलले का?

नाही. १९३३ ते १९३९ या काळात लो यांनी दिलेला जवळजवळ प्रत्येक इशारा खरा ठरला आणि त्यांपैकी एकाही इशाऱ्याने ब्रिटिश सरकारने आपला मार्ग बदलला असे दाखवता येत नाही. व्यंगचित्राकडून तशी अपेक्षा ठेवणेही चुकीचे आहे. त्याने झाले ते एवढेच की, घडते आहे ते नीट पाहणारी नजर लाखो वाचकांना मिळाली, आणि १९४० मध्ये देशाला एकत्र यावे लागले तेव्हा ती नजर आधीच तयार होती.

मराठी वाचकांना लो यांच्याविषयी आस्था का असावी?

कारण आपल्याकडील दोन मोठ्या व्यंगचित्रकारांच्या रेषेत त्यांचा अंश आहे. आर. के. लक्ष्मण यांनी लहानपणी ‘द हिंदू’मध्ये पुनर्मुद्रित होणारी लो यांची चित्रे पाहिली आणि त्यांनीच त्यांना या वाटेवर ओढले. चित्राखालची सही मात्र ते बराच काळ ‘काऊ’ अशी वाचत असत. लो यांच्या कुंचल्याची सही डोळ्यांसमोर आणली तर ही चूक किती स्वाभाविक होती ते कळते. बाळ ठाकरे यांच्याही आदर्शांत लो यांचे स्थान वरचे होते. मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये लक्ष्मण आणि ठाकरे हे दोघेही काम करीत होते आणि १३ ऑगस्ट १९६० रोजी ठाकरे यांनी ‘मार्मिक’ सुरू केले. या दोघांची भरीव काळी शाई, लवचीक कुंचला आणि ओघवती शरीररचना पाहिल्यावर लो यांची आठवण होतेच. लक्ष्मण यांचा मूक ‘कॉमन मॅन’ आणि ब्लिंपशेजारी गप्प राहून ऐकणारा छोटा लो यांच्यातही मला एक नाते दिसते, अर्थात हे माझे वाचन आहे.

त्यांची शेवटची वर्षे कशी गेली?

१९५० मध्ये त्यांनी ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ सोडले, काही काळ मजूर पक्षाकडे झुकलेल्या ‘डेली हेरल्ड’मध्ये काम केले आणि १९५३ पासून अखेरपर्यंत ते ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये होते. त्यांचे आत्मचरित्र १९५६ मध्ये आले. १९६२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची चित्रे आज कोठे पाहता येतात आणि सुरुवात कोठून करावी?

कँटरबरी येथील केंट विद्यापीठाच्या ब्रिटिश कार्टून आर्काइव्हमध्ये त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्यांची पेन्सिलीने काढलेली व्यक्तिचित्रे आहेत. अर्कचित्राच्या अभ्यासकांनी ती आवर्जून पाहावीत, कारण छापील चित्रात झाकला गेलेला शोध तेथे उघडा दिसतो.

सुरुवात मात्र निवडक उत्कृष्ट चित्रांच्या संग्रहाने करू नये. १९३६ च्या मार्चपासून, म्हणजे जर्मन फौजा ऱ्हाइनलँडमध्ये शिरल्या तेव्हापासून, १९४० च्या जूनपर्यंतची चित्रे तारखेच्या क्रमाने पाहावीत. प्रत्येक चित्रासोबत त्या आठवड्यातील बातम्या वाचाव्यात आणि पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे, ते शक्य तितके विसरावे. चित्र काढणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते.